दाराकडे तोंड केलेल्या सपाता

मेलिहा खाली वाकली आणि तिनं फिक्रेतच्या सपाता फिरवून ठेवल्या. दोन्ही हातांनी, जोडीनं, टाचा टेबलाकडे आणि तोंडं दाराकडे. एरवी मेलिहाबरोबर हेच मशीन चालवणारा फिक्रेत अजून सीटीच्या टेबलावर आडवाच होता. छातीवरच्या ईसीजीच्या तारा निघाल्या होत्या, हातातली सुई निघाली होती आणि तिथं कापूस घट्ट दाबून धरा म्हणून मेलिहानं बजावलं होतं. सपाता फिरताना दिसल्या आणि तो कापूस दाबायचं विसरला. रक्ताचा एक बारीक ओघळ कोपरावरून चादरीवर आला. एरवी एवढ्यावरून मेलिहानं त्याची चांगली सालटी काढली असती. 'उस्ताद, जन्मभर लोकांना शिकवलंत आणि स्वतःला साधा कापूस धरता येईना,' असं काहीतरी. आज ती काही बोलली नाही. तिनं नवा कापूस घेतला, वर चिकटपट्टी लावली, "सावकाश उठा," म्हणाली आणि काचेपलीकडच्या खोलीत निघून गेली. फिक्रेतच्या मनात पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, चांगली ओरडली.

सपाता फिरवण्याचा अर्थ सगळ्या हॉस्पिटलात एकट्या फिक्रेतला ठाऊक होता, निदान आजवर त्याची तशी समजूत होती. झेनित्सा गावची माणसं हॉस्पिटलात येताना घरच्या सपाता पिशवीत घालून आणतात. कापडी, लोकरीच्या, प्लास्टिकच्या, नातवानं दिलेल्या सशाच्या कानांच्या. खरं तर टेबलावर बसावं, मग सपाता खाली सोडाव्यात आणि पाय वर घ्यावेत. तसं सांगितलंही जातं. पण ऐकतो कोण? जन्मभर दुसऱ्याच्या उंबऱ्याशी पादत्राणं काढायची सवय. त्यामुळे माणूस टेबलासमोर उभा राहतो, कुणाच्या घरात शिरत असल्यासारख्या उभ्याउभ्याच सपाता काढतो आणि मोज्यांनिशी पायरी चढतो. सपातांची तोंडं राहतात मशीनकडे. तपासणी झाल्यावर टेबल खाली येतं, माणूस उठून बसतो आणि पायांनी सपाता चाचपडतो. त्या उलट्या असतात, अंगठा टाचेत जातो. बरेचसे जण हसतात, वाकतात, सपाता फिरवतात आणि चालू लागतात. काहींना वाकावं लागत नाही. त्यांच्या सपाता फिक्रेतनं आधीच फिरवून ठेवलेल्या असतात. ही काही माणसं म्हणजे ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या त्यानं नुकत्याच काचेपलीकडे पडद्यावर पाहिलेल्या असतात, आणि ज्या पाहताना त्याला खुर्चीत सरळ होऊन बसावं लागलेलं असतं.

हे त्यानं ठरवून सुरू केलेलं नव्हतं. मशीन नवं होतं तेव्हा पोलादाच्या कारखान्यातला एक भट्टीवाला आला होता. मान, मनगटं, सगळीकडे ठिणग्यांचे जुने डाग. गडी उमदा होता, सुई टोचताना गाणं म्हणत होता. पडद्यावर त्याचं हृदय आलं तेव्हा पुढच्या मोठ्या वाहिनीत चुन्याचे पांढरे तुकडे एकाला एक लागून बसले होते आणि एका ठिकाणी वाहिनी जवळजवळ दिसतच नव्हती. टेबल खाली आलं, भट्टीवाला उठून बसला आणि म्हणाला, "काय मग, चालतंय ना इंजिन?" फिक्रेत म्हणाला, "डॉक्टरबाई बघून सांगतील." दुसरं काही म्हणायची त्याला मुभा नव्हती. चित्र काढायचं त्यानं, वाचायचं डॉक्टरांनी. ही वाटणी त्याला मान्य होती, आजही आहे. अर्धवट बोलणाऱ्या तंत्रज्ञामुळे लोकांचे किती हाल होतात ते त्यानं पाहिलं होतं. पण त्या दिवशी ती तीन शब्दांची पावती देऊन तो मोकळा होईना. भट्टीवाला पायानं सपाता शोधत होता. फिक्रेत वाकला आणि त्यानं त्या फिरवून ठेवल्या. "अरे अरे, तू काय माझी सून आहेस का?" भट्टीवाला हसत म्हणाला आणि सपाता चढवून गेला. त्याचं पुढे ऑपरेशन झालं, बरा झाला, अजूनही बाजारात दिसतो. तरी फिक्रेतला तो दिसला की आधी त्याच्या पायांकडे लक्ष जातं.

सून म्हणाला ते बरोबरच होतं. फिक्रेतच्या लहानपणी उतारावरच्या त्या वस्तीत घरोघर हे काम सुनेचं, आणि सून नसेल तर घरातल्या लहानाचं. ईदच्या दिवसांत पाहुणे आले की दाराशी बुटांचा ढीग पडायचा. आतमध्ये कॉफीच्या पितळी भांड्यांचा आवाज सुरू झाला की आई फक्त भुवई उचलायची. मग फिक्रेत दाराशी उकिडवा बसून एकेक जोड फिरवून ओळीनं लावायचा. जाताना पाहुण्याला वाकायला लागू नये, धडपडायला लागू नये. रागिबमामांच्या बुटांना डांबराचा वास यायचा, मौलवीसाहेबांचे बूट आतून मेणासारखे गुळगुळीत असायचे, आणि शेजारच्या आलियाबाईंच्या बुटात नेहमी खडा असायचा, तो फिक्रेत काढून टाकायचा. बाईंना ते कधीच कळलं नाही. पाहुणे निघाले की वाटेत त्याच्या डोक्यावर टपली मारत. या कामात वाईट असं काहीच नव्हतं. उलट घरातला हा एकच मान त्याच्या वाट्याचा होता, आणि पन्नाशीनंतर हा मान या बंद, थंड, खिडकी नसलेल्या खोलीत परत आला तो वेगळ्याच कामासाठी.

कारण सवय लागली आणि मग सवयीचा नियम झाला. ज्याचं हृदय स्वच्छ त्याच्या सपाता तो फिरवीनासा झाला. त्यांना काय गरज? ते उड्या मारत जातील. फिरवायच्या त्या फक्त दुसऱ्यांच्या. हे आपल्याशिवाय कुणाला कळत नाही अशी त्याची खात्री होती, पाशा आजी येईपर्यंत. पाशा आजी दोनदा आली. पहिल्यांदा तिच्या वाहिन्या त्या वयाला शोभणार नाहीत इतक्या सुरेख होत्या, आणि फिक्रेत काचेमागे बसून कॉफीचा घोट घेत तिच्याकडे बघत राहिला होता. आजीनं उठून स्वतःच्या विणलेल्या सपाता स्वतः वळवल्या होत्या आणि कंबरेच्या नावानं शंख केला होता. काही वर्षांनी ती परत आली, आणि या वेळी त्यानं खाली वाकून सपाता फिरवल्या. आजी टेबलाच्या कडेवर बसून त्याच्या टकलाकडे बघत होती. "मागच्या वेळी नव्हत्या फिरवल्यास," ती म्हणाली. फिक्रेत म्हणाला, "मागच्या वेळी गर्दी असेल, आजी." "गर्दी आजच आहे," आजी म्हणाली. "मागच्या वेळी तू तिथं बसून कॉफी ढोसत होतास. मला काय दिसत नाही होय?" मग तिनं पायाच्या अंगठ्यानं एक सपात उलटी केली, मग दुसरी केली, पुन्हा मशीनकडे तोंड करून, आणि म्हणाली, "तू दाखवशील त्या दिशेनं मी जाणार नाही, पोरा." आणि टेबलाला धरून, मागं वळून, कण्हत कुंथत, उलट्या बाजूनं तिनं त्या पायात घातल्या. फिक्रेतला तेव्हा हसू आलं होतं. घरी गेल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

आता तो टेबलाच्या कडेवर बसून आपल्या पांढऱ्या सपातांकडे बघत होता. हॉस्पिटलातल्याच, लाकडी तळव्याच्या, डाव्या अंगठ्यापाशी तडा गेलेल्या. पाय नुसते खाली सोडले असते तर आपोआप आत गेले असते, इतक्या नीट ठेवल्या होत्या. पाशा आजीसारखं अंगठ्यानं उलटवावं असं त्याला क्षणभर वाटलं. पण काचेपलीकडे मेलिहा होती. ती मान खाली घालून कळफलकावर काहीतरी करत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर पडद्याचा राखाडी उजेड पडला होता. त्या पडद्यावर काय होतं हे फिक्रेतला वेगळं सांगायला नको होतं.

तसं बघितलं तर सगळं सकाळपासूनच बिघडत होतं. कॉफी प्यायची नाही ही अट. दुसऱ्यांना ती अट तो इतक्या सहज सांगायचा की जणू कोथिंबीर नको म्हणतोय. या गावात लोक कॉफी सोडतात म्हणजे काय करतात हेही त्याला पाठ होतं: घरी पीत नाहीत, आणि वाटेत बहिणीकडे टेकतात. बहिणीनं पुढे केलेला कप परत करायचा म्हणजे बहिणीशी भांडण काढायचं. मग इथं येऊन शपथेवर सांगतात, "एक थेंब नाही घेतला," आणि ठोके नव्वदच्या खाली यायला तयार नसतात. फिक्रेतनं प्रामाणिकपणे घेतली नव्हती. बायकोला, शेफिकाला, संशय येऊ नये म्हणून कप तोंडाला लावल्यासारखं केलं होतं आणि तिची पाठ वळताच कुंडीत ओतला होता. ठोके कमी करणारी गोळी घेतली होती. तरीही टेबलावर पडल्यावर ठोके एकदा चढले ते चढलेच. मेलिहा तेव्हा रंगात होती. "उस्ताद, कुणाचा विचार चाललाय? काकूंना सांगेन हं." तो हसला तर ठोके आणखी चढले. "हसू नका. बोलू नका. काहीतरी कंटाळवाणं आठवा. युनियनची सभा आठवा." युनियनची सभा आठवून खरंच ठोके उतरले. मग जिभेखाली वाहिन्या रुंद करणारा फवारा, त्यानं डोक्यात घण, आणि मग हातातून वर चढत, घशातून पोटात, पोटातून खाली पसरत गेलेली ती सुईतून सोडलेल्या डायची, रंगद्रव्याची ऊब. हजारो माणसांना तो सांगत आला होता, 'चड्डी ओली झाल्यासारखं वाटेल, पण होत नाही, घाबरू नका.' सांगायची गोष्ट निराळी आणि होणारी निराळी. त्यानं खरोखर हात लावून पाहायचा प्रयत्न केला, पण हात डोक्यावर बांधल्यासारखे वर होते. श्वास घ्या. श्वास रोखा. टेबल सरकलं, मशीनचं गोल कडं घरघरलं, आणि त्या काही क्षणांत त्याला एवढंच वाटलं की आपण आतून कुणाच्यातरी समोर उघडे पडलोय आणि वर पांघरायला काही नाही. श्वास सोडा. त्यानंतर मेलिहाचा आवाज माईकवर आला नाही. नेहमी ती म्हणायची, 'झालं, पोहून बाहेर या.' आज नुसती खरखर आली आणि माईक बंद झाला.

डॉक्टर ल्युबिचा, ज्यांनी ही चित्रं वाचायची होती, त्या सरायेवोला सभेला गेल्या होत्या. अहवाल उद्या. म्हणजे उद्यापर्यंत थांबायचं. पण खरं तर थांबायची काही गरज नव्हती. मेलिहा जेवायला गेली आणि फिक्रेत काचेमागच्या आपल्या खुर्चीत येऊन बसला. पडद्यावर आजच्या नावांत त्याचं नाव होतं. बोट दाबलं की उघडलं असतं. या गावातली निम्मी हृदयं त्यानं या खुर्चीत बसून पाहिली होती; महापौराचं पाहिलं होतं, मौलवींचं पाहिलं होतं, शाळेत त्याला छडीनं फोडून काढणाऱ्या गणिताच्या मास्तरचंही पाहिलं होतं आणि त्यात छडी कुठं दिसते का ते शोधलं होतं. आणि आता हात मांडीवरून उठेना. जिना चढताना छातीत बसणारी ती आवळ, मानेपर्यंत येणारी, दोन पायऱ्यांवर थांबलं की जाणारी. तिला अजून नाव नव्हतं. नाव नव्हतं तोवर ती त्याची खासगी बाब होती. उघडलं की ती पांढऱ्या ठिपक्यांची झाली असती, टक्केवारीची झाली असती. तो भित्रा आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. लढाईच्या काळात पाण्याचे कॅन घेऊन पूल ओलांडताना तो इतरांपेक्षा जरा कमीच पळाला होता. पण तेव्हा गोळी बाहेरून येणार होती. त्यानं दुसऱ्या कुणाचं तरी नाव उघडलं, एका शिक्षिकेचे सायनस, आणि बराच वेळ ते बघत बसला.

दुपारनंतर बरं वाटत नाही म्हणून तो निघाला. खोटंही नव्हतं. उतारावरून खाली येताना त्रास होत नाही, त्रास चढताना. म्हणून तो मुद्दाम पायी गेला, नदीपर्यंत. बोस्नाचं पाणी मळकट होतं, पुलावर दोन म्हातारे कारखान्याच्या धुराकडे बघून आज वारा कुठला ते सांगत होते. एका दुकानात बसून त्यानं अखेर कॉफी मागवली. पितळी भांडं आलं, साखरेचा खडा आला, लोकुम मिठाईचा गुलाबी तुकडा आला. साखरेचा कोपरा बुडवून चघळताना त्याच्या मनात आलं की मेलिहाला सपातांचं कळलं कसं? त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे ती बघत होती. इतकी वर्षं ती काचेमागे बसून त्याला बघत होती, कोणाच्या फिरवतो आणि कोणाच्या नाही, आणि मनाशी जुळवत होती. हुशार पोरगी. त्यानंच शिकवलेली. तोंडानं सांगायची मुभा नाही म्हणून त्याच्याच भाषेत त्याला सांगून मोकळी झाली. त्याला तिचा राग आला, मग अभिमान वाटला. आणि मग त्या सगळ्यांची आठवण झाली ज्यांच्यासमोर तो वाकला होता. त्यातल्या किती जणांना पाशा आजीसारखं कळलं असेल? घरी जाऊन, कॉफी पिताना, साखर बुडवताना? कॉफी संपली, खाली गाळ राहिला. शेजारच्या टेबलावरच्या बाया कप उपडे करून भविष्य बघत होत्या. त्यानं आपला कप सरळच ठेवला.

घराच्या दाराशी बूट काढताना तो थांबला. काढून झाले होते, नेहमीसारखे आत तोंड करून. त्यानं वाकून ते फिरवले. दाराकडे तोंड करून, जोडीनं. का फिरवले ते त्याला सांगता आलं नसतं. बघू तरी कसं दिसतं, एवढंच. चांगलं दिसत नव्हतं. पण पुन्हा वाकायचा कंटाळा आला आणि तो आत गेला.

"घड्याळ कुठं आहे?" शेफिकानं स्वयंपाकघरातून विचारलं. तिनं मागं वळूनही पाहिलं नव्हतं.

फिक्रेतनं मनगटाकडे पाहिलं. "कामावर राहिलं वाटतं."

"वाटतं नाही, राहिलंच. मेलिहाचा फोन आला होता. म्हणे, काकू, उस्तादांचं घड्याळ टेबलापाशी ट्रेमध्ये राहिलंय. मी म्हटलं, त्याचं घड्याळ ट्रेमध्ये कशाला? ट्रेमध्ये तर तपासणीची माणसं घड्याळं काढून ठेवतात. मग पोरगी गप्प." शेफिका आता वळली. हातात पीठ लागलेलं लाटणं होतं. "मी बसस्टँडच्या खिडकीत आयुष्य काढलंय, फिक्रेत. विद्यार्थ्याचा पास दाखवून चाळिशीचा बाप्या चढायला लागला की मला तोंड न बघता कळायचं. आणि कुंडीतलं जिरेनियम आज सकाळी कॉफी प्यायलंय. बाही वर कर."

त्यानं बाही वर केली. चिकटपट्टी, कापूस, भोवती जांभळा डाग. शेफिकानं ते पाहिलं, लाटणं खाली ठेवलं, आणि खुर्ची ओढून बसली. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. "बोल," ती म्हणाली.

तो बोलला. जिन्यापासून सुरुवात केली, छातीतली आवळ, डॉक्टरबाईंनी घातलेली गळ, गोळी, फवारा, सगळं. आणि मग, आजवर कुणाला न सांगितलेलं, सपातांचं. भट्टीवाला, पाशा आजी, आज मेलिहा. सांगताना ते त्याला स्वतःलाच फार मूर्खपणाचं वाटलं, पण शेफिका हसली नाही. टेबलावर सांडलेलं पीठ बोटानं गोळा करत ऐकत राहिली.

"म्हणजे तू लोकांना सांगत होतास," ती शेवटी म्हणाली.

"छे. सांगायची परवानगीच नाही आम्हाला."

"सांगत होतास. फक्त त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं. आणि मला तेवढंही नाही." तिचा आवाज जरासा फाटला. "माझ्या सपाता कधी फिरवल्यास रे?"

"तुझं हृदय मी कुठं पाहिलंय?"

"ते दिसतंयच की," शेफिका म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून ती चिडली. "सकाळी तिला तोंडानं विचार. सरळ. काय पाहिलंस म्हणून. आणि आता जेव. बटाटा भरलेली पापुद्र्यांची पिता केलीय. तुझं हृदय बिघडलं असेल, पोट तर नाही ना बिघडलं?"

तो जेवला. भाजलेल्या पापुद्र्यांचा चुरा ताटात पडला, तो बोटानं टिपून खाल्ला. भूक होती, याचं त्याला आश्चर्य वाटलं. नंतर दोघं दूरदर्शनवर कुठल्याशा देशातल्या पाणघोड्यांचा कार्यक्रम बघत बसली, आणि शेफिकानं तिचा हात त्याच्या मनगटावर, जिथं घड्याळ असतं तिथं, ठेवून दिला. ठोके मोजतेय की काय, असं त्याला वाटलं. 

सकाळी दाराशी त्याला बूट सापडेनात, म्हणजे होते तिथंच होते, पण उलटे. आत तोंड करून, घराकडे. काल त्यानं फिरवलेले कुणीतरी परत फिरवले होते.

"हे कुणी केलं?"

"मी," शेफिका आतून म्हणाली. "बाहेर तोंड करून बूट ठेवायला तू काय पाहुणा आहेस इथला?"

फिक्रेत उंबऱ्यावर बसला, एकेक बूट हातानं वळवून पायात घातला. नाड्या बांधताना त्याला जरा वेळ लागला.

मेलिहा आधीच आली होती. घड्याळ तिनं कागदात गुंडाळून त्याच्या कपाटापाशी ठेवलं होतं. तिचे डोळे सुजलेले होते, पण तिच्या लेकाला दात येत होते, त्यामुळे ते हल्ली रोजच सुजलेले असायचे. फिक्रेतनं कोट चढवला, बटणं लावली, आणि शेफिकाच्या तोंडातलं वाक्य पाठ करून आणल्यासारखा तिच्यासमोर उभा राहिला. वाक्य मात्र भलतंच निघालं.

"काल माझ्या सपाता का फिरवल्यास?"

"काय?"

"सपाता. तपासणीनंतर. दाराकडे."

मेलिहा त्याच्याकडे बघत राहिली. "का म्हणजे? मी सगळ्यांच्याच फिरवते."

"सगळ्यांच्या?"

"तुम्हीच तर शिकवलंत, उस्ताद. पहिल्या दिवशी मी इथं आले, काचेमागं उभी केलंत मला, आणि तुम्ही आत जाऊन एका खाणीतल्या म्हाताऱ्याच्या सपाता नीट लावल्यात. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, इथं अशी रीत आहे. घरी आई म्हणाली, बघ, याला म्हणतात वळण. तेव्हापासून मी फिरवते. रात्रपाळीच्या समीरला पण सांगितलंय, तो पायानं फिरवतो, पण फिरवतो." ती थोडी गोंधळली. "तुम्ही कधी कधी विसरता. मी मग तुमची पाठ वळली की फिरवून टाकते. काही बोलत नाही, म्हटलं कंबर दुखत असेल."

फिक्रेत खुर्चीत बसला आणि हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळे पुसत. इतकी वर्षं तो ज्यांच्या सपाता जाणूनबुजून सोडून देत होता, त्यांच्या ही पोरगी मागून जाऊन फिरवत होती. धडधाकट गवंडी, बाळंतपण झालेल्या पोरी, कुस्तीगीर, सगळेच्या सगळे दाराकडे तोंड केलेल्या सपाता घालून घरी गेले होते. आणि आपण काल नदीकाठी बसून स्वतःच्या जनाज्याला कोण कोण येईल ते मोजून आलो. हसताना छाती हलकी झाली. आवळ नव्हतीच, काही नव्हतंच, वय झालं होतं आणि जिना उंच होता. मेलिहाही हसली पाहिजे होती. ती हसत नव्हती. ती पडद्याकडे बघत होती, जो बंद होता.

"उस्ताद," ती म्हणाली, "डॉक्टरबाई आल्यात. तुम्हाला आत बोलावलंय."

तिच्या त्या वाक्यात चिडवणं नव्हतं, काकू नव्हत्या, काही नव्हतं. फिक्रेतचं हसू लगेच थांबलं नाही. थोडा वेळ ते तोंडावर राहिलं. मग तो उठला.

डॉक्टर ल्युबिचांच्या खोलीत खिडकीचे पडदे ओढलेले होते आणि संगणकाच्या दोन पडद्यांवर एकच हृदय दोन बाजूंनी दिसत होतं. सरायेवोहून आणलेला पेढ्यांसारख्या कसल्याशा मिठाईचा डबा टेबलावर उघडा होता. "बस, फिक्रेत," त्या म्हणाल्या. "तुझ्यापासून लपवायला मला जमणार नाही, आणि तूही मला बोलायला लावू नकोस. बघ तूच."

त्यानं पाहिलं. क्षणभर त्याला ते कुणाचंही हृदय वाटलं. मग पुढची मोठी वाहिनी त्यानं नेहमीसारखी वरून खाली नजरेनं चालत आणली, आणि एका वळणानंतर नजर थांबली. ठिपके फारसे नव्हते. चुना कमी, मऊ भाग जास्त. वाहिनी तिथं लपेटलेल्या दोऱ्यासारखी बारीक झाली होती आणि पुढे पुन्हा रुंद. बाकी दोन बऱ्या होत्या.

"सत्तर टक्के," तो म्हणाला.

"मी पंचाहत्तर म्हणाले असते. पण तुझ्या डोळ्यांशी वाद घालत नाही. पुढच्या आठवड्यात जाळी बसवू. वेळेत आलास. जिन्यावर छाती आवळल्याबरोबर सांगितलं असतंस तर मी सरायेवोला जायच्या आधीच तुला उचलून टेबलावर टाकलं असतं." त्यांनी डबा पुढे केला. "घे एक. मग महिनाभर मिळणार नाही. आणि शेफिकाला आज सांग. नाहीतर मी सांगेन."

"तिला माहीत आहे," फिक्रेत म्हणाला. हे सांगताना त्याला एकदम हलकं वाटलं, मघाच्या हसण्यापेक्षा निराळं. आणि भीतीही वाटत होती, चांगली स्वच्छ, नाव असलेली. त्यानं मिठाई तोंडात टाकली. फार गोड होती.

दुपारपर्यंत हलकी कामं करायला त्या हो म्हणाल्या होत्या. तो खोलीत परतला तेव्हा टेबलावर एक बेकरीवाला पडलेला होता, तिशीतला, हातांच्या केसांत पीठ अडकलेलं. बापाला झटका आला म्हणून बायकोनं धरून आणलं होतं. मेलिहा काचेमागे होती. फिक्रेत तिच्या शेजारी बसला. श्वास घ्या, श्वास रोखा. कडं घरघरलं, आणि पडद्यावर बेकरीवाल्याचं हृदय आलं: वाहिन्या शेवटपर्यंत मोकळ्या, गुळगुळीत, एक ठिपका नाही. इतकं सुंदर काही फिक्रेतनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मेलिहानं त्याच्याकडे पाहिलं.

तो आत गेला. टेबल खाली आलं. बेकरीवाला उठून बसला, आणि त्याचे मोठे थोरले पाय हवेत लोंबकळत सपाता शोधू लागले. चौकटीच्या कापडाच्या, टाच दबलेल्या, मशीनकडे तोंड केलेल्या. फिक्रेत खाली वाकला. वाकताना छातीत ती आवळ आली, तिच्या ठरलेल्या जागी. तो तसाच उकिडवा थांबला, ती जाईपर्यंत. मग दोन्ही हातांनी त्यानं सपाता फिरवल्या, टाचा टेबलाकडे, तोंडं दाराकडे, आणि जोडीनं लावल्या.

"अहो काका, काय करताय?" बेकरीवाला संकोचानं म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. तो फिक्रेतच्या तोंडाकडे बघत होता, सगळे बघतात तसा. "काही आहे का? माझ्या सपाता का म्हणून?"

"काही नाही रे," फिक्रेत टेबलाला धरून उभा राहत म्हणाला. "सगळ्यांच्याच फिरवतो आम्ही. इथं अशी रीत आहे."